बारा पॉइंट एक

पट्टी पिवळ्यावर थांबते.
बारा पॉइंट एक.
आर्वी सागर आवळे, दोन वर्षं तीन महिने.
मी मोबाईलमध्ये आकडा भरते. रेंज नाही.
चक्र फिरत राहतं
आणि पोरगी माझ्या बांगड्या वर-खाली करत बसते.

"ताई, पट्टी जरा ढिली धरा की," पूनम म्हणते,
"तुमचं बी हिरव्यात, आमचं बी."
हसते.
मी हसत नाही. मग हसते.

भिंतीवर तक्ता आहे, वरून आलेला.
त्यात सफरचंद, त्यात काठोकाठ दुधाचा पेला,
त्यात एक आई, जिच्या साडीला एकही सुरकुती नाही.
चौदा वर्षं मी त्या पेल्यावर फूटपट्टी टेकवून सांगतेय:
रोज एक.

पूनम गंगावेशीत, दूधकट्ट्यावर, पेले धुते.
संध्याकाळी सहा ते अकरा.
समोर म्हैस, समोर धार, फेस काठाच्या वर,
तालमीतली पोरं, वकील, गाडीतनं उतरलेले पाहुणे
उभ्याउभ्या पितात, मिशा पुसतात,
आणि पेला तिच्याकडे येतो
आत एक पांढरी कड घेऊन.
सोडा, राख, पाणी, परत पाणी.
रात्रीत किती होतात, विचारलं होतं मी.
"मोजाय लागलं की हात थांबतोय."

गेल्या आठवड्यात ह्यांचा वाढदिवस होता.
आम्हीपण गेलो. मीपण प्यायले.
तिनं मला बघितलं, मी तिला.
माझा पेला तिनं
सगळ्यांच्या पेल्यासारखाच धुतला.

रेशनला तिचा अंगठा लागत नाही.
रेषाच गेल्यात सोड्यानं.
दुकानदार म्हणतो पुसून लाव, फुंकून लाव, उद्या ये.
मशीन म्हणतं, जुळत नाही.
सागर फाउंड्रीत; सुट्टी मागितली तर खाडा.
तिसऱ्या दिवशी पेठवडगावातनं सासूला आणलं,
कार्डावर तिचं नाव अजून आहे म्हणून बरं.
म्हातारी अर्ध्या तिकिटात आली,
अंगठा देऊन, तांदूळ घेऊन,
पाणीही न पिता माघारी गेली.

मंगळवारी पाककृती. विषय: पौष्टिक लाडू.
कागदावर लिहिलेलं: खजूर, साजूक तूप, बदाम, कंसात ऐच्छिक.
ऐच्छिक हा शब्द मी मोठ्यानं वाचला
तशी मागनं नसीमा म्हणाली,
"आमच्यात बदाम पत्त्यात असतोय ताई.
सत्ती आली की टाकायचा."
सगळ्या हसल्या. पोरंही हसली, न कळता.

कागद मी वजनकाट्याखाली सरकवला.
विचारलं, काल रात्री काय शिजलं?
खरं यायला वेळ लागला.
भात, खर्डा.
भात, आमटीचं वरचं पाणी.
पोरांना? चहात बटर.
पाच रुपयाची कुरकुरीत पुडी, "रडायचं थांबतंय की."
कुणी मान वर केली नाही. मीही
रागवायचं होतं ते विसरले.

मग पूनम, आर्वीच्या केसांतली पिन काढत, पुन्हा लावत:
"सासू माडगं करायची. हुलग्याचं.
रात्री भिजवायचं, फडक्यात बांधून मोड आणायचे,
वाळवून भाजून दळायचं. वर गुळाचा खडा.
आम्हीच नाकं मुरडली. बैलाचं खाणं म्हटलं."

हुलगं अजून मिळतं, शिवाजी पेठेत एका दुकानात, नसीमानं सांगितलं.
स्वस्त नाही आता, तेही सांगितलं.

भिजवताना पाणी किती? मी विचारलं.
मी. चौदा वर्षांची ताई. वही उघडून.

पूनमनं पातेल्यात हात धरला,
पांढरा पडलेला, टोकाला गुळगुळीत.
"हुलग्याच्या वर
ह्या अंगठ्याच्या पेराएवढं."

मी लिहून घेतलं.
रेंज आली. आकडा वर गेला.
पुढची पट्टी सतरा तारखेला.